उपडे टब

अवरेकाय बाजारात आली की ती मला डोळ्यांआधी नाकाला कळते. काल बेंगळूरच्या शिवाजीनगर बस स्टँडमागून चालले होते. हातात भाजीची पिशवी, डोक्यात रेणुकाच्या दहावीचा विचार, आणि एकदम तो वास आला. हिरवा, तेलकट, थोडासा उग्र. थांबून पाहिलं तर गोणपाटावर शेंगांचा ढीग, ढिगाभोवती स्वेटर घातलेल्या बायका आणि प्रत्येकीच्या हातात एक शेंग, नाकाशी धरलेली. अत्तर हुंगावं तशी.

पावट्याचीच ही बहीण. आमच्या निपाणीकडे पावट्याला एवढा मान नाही. इथे बेंगळूरात मात्र थंडी पडली की लोक तिच्यासाठी वेडे होतात. उप्पिटात अवरे, सांबारात अवरे, भातात अवरे. त्या वासाला इथे वेगळं नावसुद्धा आहे, सोगडु. सोगडु जितका जास्त तितकी शेंग चांगली. काल एक बाई शेंग हुंगून दुकानदाराला म्हणत होती, "काय अण्णा, वासच नाही हिला! गेल्या वर्षीच्या शेंगा कशा होत्या, हात धुतला तरी जात नव्हता."

मला हसू आलं, आणि हसता हसता आत काहीतरी तापलं. हात धुतला तरी न जाणारा तो वास मला चांगला माहीत आहे. माझ्या मुलीला त्याच वासासाठी वर्गात दाराजवळ बसवलं होतं.

शेंग सगळ्यांना दिसते. शेंगेतला दाणाही दिसतो. त्याच्या पुढचं काम गल्ल्यांमध्ये होतं, ते कुणाला दिसत नाही. दाणे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळपर्यंत ते फुगून गुळगुळीत होतात. मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात एकेक दाणा धरून हलकेच दाबायचा. साल बोटांत राहते आणि आतली डाळ उडी मारून टबात पडते. ऐकायला खेळ वाटतो. पहिला तासभर तो खेळच असतो. नंतर बोटांची टोकं पांढरी पडतात, सुरकुततात, नखांच्या कडा काळ्या होतात आणि थंड पाण्याने हात असा बधिर होतो की चहाचा पेला धरला तरी ऊब लागत नाही. मोठ्या घरांत सणाला ही सोललेली अवरे लागते. सोलायला वेळ नसतो म्हणून ती तयार आणतात. कुणी सोलली, हे विचारावं असं कुणाला सुचत नाही. मीही कधी बाजारातून पेढा आणला तर तो कुणी वळला ते विचारत नाही, हे खरं आहे. पण पेढा वळणारा सातवीत नसावा, एवढी माझी आशा असते.

दाराजवळ बसवलं त्या साली रेणुका सातवीत होती.

आमची गल्ली म्हणजे नाल्याच्या काठाने गेलेली घरांची एक ओळ. हे, म्हणजे रेणुकाचे वडील, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात हेल्पर. अंधारात डबा घेऊन निघायचे, अंधारातच परत यायचे. शेजारी मुनियम्मा. ती तमिळ, मी मराठी, आमचं बोलणं मोडक्या कानडीत. तिची कानडी मोडकी होती पण जोरात होती. माझी मोडकी आणि हळू. मला लोकांसमोर बोलायला जमत नसे, अजूनही फारसं जमत नाही. नळावर भांडण झालं की मी घागर घेऊन मागे सरायची. मुनियम्मा म्हणायची, "अक्का, तू नळाच्या रांगेत उभी राहतेस की रांगेच्या पाया पडतेस?"

आम्ही दोघी सकाळी बंगल्यांमध्ये भांडी घासायला जायचो. गल्लीतल्या बहुतेक बायका तशाच. आणि आम्ही निघायच्या वेळेला अवरेवाल्या नंजप्पाची लगेज ऑटो, म्हणजे मालाची तीनचाकी, यायची. गळ्यात मफलर, कानात तेलाचा बोळा, पिंपात रात्रभर भिजवलेले दाणे. प्रत्येकीच्या दारात प्लास्टिकचा टब मांडलेला असे. तो मापाने दाणे ओतायचा आणि दुपारी सोललेली डाळ उचलायला यायचा, म्हणजे संध्याकाळी दुकानांत ताजी जाई. आम्ही बायका सकाळभर परक्यांच्या मोरीत. मग टबापुढे कोण बसणार? पोरीच बसायच्या.

"बारीक बोटांचं काम आहे अक्का," नंजप्पा म्हणायचा. "तुमच्या हाताने डाळ फुटते. पोरींच्या हातून बघा कशी मोत्यासारखी पडते."

गल्लीच्या टोकाला शाळा होती, सरकारी, पिवळ्या भिंतींची. आवारात करंजाचं झाड, झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. नंजप्पाची ऑटो वळणावर गेली की घंटा व्हायची. दोन्ही आवाज इतके पाठोपाठ यायचे की पोरींनी मान वर करून शाळेकडे पाहिलं तरी हात पाण्यातच राहायचे. डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्या गल्लीतल्या मुलींचे बाक रिकामे. अधूनमधून एखाद्या दिवशी दाणे कमी यायचे, त्या दिवशी रेणुका धावत शाळेत जायची. आणि तिथे तिला दाराजवळ बसवायचे, तिच्यासारख्याच आणखी दोघीतिघींबरोबर. "वारा येऊ दे," असं मिस म्हणायच्या. मुलांना तेवढं पुरे. मुलं पुढचं स्वतः म्हणायची.

घरी येऊन रेणुका हात घासत बसायची. चिंच लावून, राखेने, एकदा तर रॉकेलनेसुद्धा. मी म्हटलं, "अगं, कातडं जाईल." तर म्हणाली, "जाऊ दे. वासासकट जाऊ दे."

एका संध्याकाळी ती पाटी पुसावी तसं सहज म्हणाली, "आई, मी नाही जात आता शाळेत. हंगाम संपला की बघू."

हंगाम संपला की बघू. मी चूल फुंकत होते. फुंकणी हातातच राहिली. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, आणि ते माझ्याच तोंडचं होतं.

माझी शाळा तंबाखूत गेली. निपाणीकडे थंडीत तंबाखू कापतात, शेतात वाळवतात, मग वखारीत आणतात. चौथी पास झाल्यावर पाचवीच्या वर्गात मी थोडेच महिने बसले. आईबरोबर वखारीत पानांच्या शिरा काढायला हात हवे होते. तिथे इतकी धूळ उडायची की बायका आळीपाळीने शिंकायच्या आणि शिंकता शिंकता हसायच्या. गुरुजी घरी आले होते. वडिलांनी त्यांना गूळपाणी दिलं. मी दारामागून म्हटलं, हंगाम संपला की येईन. गुरुजी बरं म्हणाले. हंगाम संपला तेव्हा लग्नसराई होती, मग पेरणी, मग पुन्हा हंगाम. मला कुणी शाळेतून काढलं नाही. कुणी रागावलं नाही. सगळे माझ्याशी चांगलेच वागले, आणि त्या चांगुलपणात माझी शाळा संपून गेली. तंबाखूचा वास माझ्या वेणीतून लग्नानंतरही येत होता, असं सासूबाई म्हणायच्या.

म्हणून त्या संध्याकाळी ठरवलं, काही झालं तरी रेणुकाने झटपट टब संपवायचा आणि उशिरा का होईना शाळेत जायचं. आणि त्या नादात मोठा घोटाळा करून बसले. ज्या बंगल्यात मी काम करायची तिथे बदाम गरम पाण्यात टाकून सोलताना पाहिले होते. गरम पाणी पडलं की साल आपोआप सुटते. दुसऱ्या दिवशी दाणे नीट भिजलेले नव्हते, साल धरून बसली होती, घंटा होऊन गेलेली. मी चुलीवरचं आंघोळीचं पाणी उचललं आणि टबात ओतलं. साली सुटल्या खऱ्या. त्यांच्याबरोबर डाळही सुटली. दुपारपर्यंत टबात हिरवा चिखल झाला होता.

नंजप्पाने ओंजळभर उचलून गल्लीला दाखवलं. "या ग सगळ्या, बघा! अक्काने सांबार करून ठेवलंय. फोडणी तेवढी माझ्या घरी देऊ का?"

बायका हसल्या. मुनियम्माही हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. त्या आठवड्याच्या सोलाईचे पैसे त्याने मला दिले नाहीत. मला त्याचं वाईट कमी वाटलं. रेणुका दारात दप्तर घेऊन उभी होती आणि हसणाऱ्यांत तिच्या वर्गातल्या दोघी होत्या, ते जास्त लागलं.

सरकारने त्याच सुमारास एक नवी गोष्ट सुरू केली होती. महिन्याची हजेरी भरली की शाळेतल्या मुलाला घरी न्यायला धान्य. आम्हां सगळ्यांना आनंद झाला होता. कुणीतरी दूर बसून आपल्या चुलीचा विचार केला, ही काही लहान गोष्ट नाही, तिला मी नावं ठेवणार नाही. पण धान्य वाटायच्या दिवशी पिशव्या घेऊन कोण उभं होतं ते मी पाहिलं. ज्यांची पोरं रोज येत होती त्यांचे आई-वडील. ज्यांची पोरं रोज येत होती, कारण त्यांच्या घरी दाणे सोलावे लागत नव्हते. धान्य हजेरीला होतं आणि हजेरी भरलेल्या पोटाची होती. आमच्या मुली पोटासाठी शाळा चुकवत होत्या आणि शाळा चुकवली म्हणून पोटाला मिळत नव्हतं. हे गोल चाक कुणी मुद्दाम बनवलं असेल असं मला वाटत नाही. बनवणाऱ्याने सकाळी आमच्या गल्लीत येऊन एकदा पाहिलं नसेल, एवढंच. पण चाकाखाली ज्याचा पाय येतो त्याला मुद्दाम काय आणि चुकून काय.

ख्रिसमसच्या आसपास शाळेत पालकांची सभा झाली. शिक्षण खात्याचे एक साहेब आले होते. करंजाखाली टेबल, टेबलावर चादर, समोर आम्ही जमिनीवर. साहेब चांगले होते, आवाज मऊ होता. त्यांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. मुलगी शिकली तर काय काय होतं ते सांगितलं. तुम्हां लोकांमध्ये अजून जागृती नाही, असं वाईट वाटून सांगितलं. मध्ये हेडमिसनी त्यांच्यापुढे बशी ठेवली. अवरे घातलेलं उप्पिट. डाळ सोललेली होती, मोत्यासारखी.

"वा," साहेब म्हणाले. "सोगडु छान आहे."

मुनियम्मा माझ्या कानात म्हणाली, "आपल्या पोरींच्या हातचं आहे, छान असणारच." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मला हसू आलं नाही. मी उभी राहिले. का राहिले ते मला तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतं. आजवर माझ्याकडे काही नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांना मी मान डोलावली होती. पैसा नाही, घर नाही, बरोबर. पण जागृती नाही? वखारीच्या दारात बसून शाळेच्या घंटेकडे कान लावणारी मुलगी झोपलेली होती?

"सार," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "घंटा आणि टब एकाच वेळी येतात."

"म्हणजे काय अम्मा?"

मला पुढचं कानडी आठवेना. मुनियम्माने बसल्याजागी सगळं सांगितलं, नंजप्पाची नक्कल करून, मफलरसकट. लोक हसले. साहेबही हसले. मग मला शब्द सापडले. "आम्हांला समजावू नका सार. आम्हांला समजलेलं आहे. टबवाल्याला समजवा. त्याने दुपारी दाणे दिले, तर आम्ही बायका कामावरून आलेल्या असतो. आम्ही सोलू. पोरी शाळेत बसतील."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "ते आमच्या खात्यात येत नाही अम्मा. ते मजूर खातं बघतं."

"ते कुठे असतं?"

"त्यांची इमारत वेगळी आहे."

मुनियम्मा म्हणाली, "सरी सार, बरं. पण पोरगी तर एकच आहे. ती कुठल्या इमारतीत बसवायची?"

साहेबांनी विषय लिहून घेतो असं म्हटलं आणि घड्याळ पाहिलं.

सभा संपल्यावर हेडमिसनी मला बाजूला बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "रेणुका हुशार आहे. पण जी मुलगी आली नाही, तिला आली असं मी लिहू शकत नाही. आता यापुढे ती रोज आली तर कशीबशी हजेरी भरेल. नाहीतर सातवीच्या परीक्षेला तिचं नाव पाठवता येणार नाही." मग थांबून म्हणाल्या, "मुनियम्माच्या सेल्वीचं तर गेलंच आहे. तिचं नाव मागेच पटावरून कमी झालं."

सेल्वी मुनियम्माची मुलगी, रेणुकाच्याच वयाची. मुनियम्मा मागे उभी होती. तिने ऐकलं. सगळ्या गल्लीत जिचा आवाज मोठा, ती घरापर्यंत माझ्यापुढे भरभर चालत गेली. दारात आल्यावर म्हणाली, "तुझ्या पोरीचं नाव तरी पाठवू."

रात्री जेवताना ह्यांना बातमी आधीच कळलेली होती. "तू सभेत बोललीस?"

"हो."

"कानडीत?"

"मोडक्या."

"मोडक्या कानडीत साहेबाला गप्प केलंस, मग माझ्याशी अख्ख्या मराठीत का बोलत नाहीस?" रेणुका खुदकन हसली. मग ते गंभीर झाले. "नंजप्पा काम बंद करेल. संक्रांत तोंडावर आली. विचार केलायस?"

"केलाय," मी म्हटलं. काय केला होता ते मात्र मलाही सांगता आलं नसतं.

सकाळी धुकं होतं. नाल्यावर, पत्र्यांवर, करंजावर. नंजप्पाची ऑटो वळणावर आली. माझा टब दारात मांडलेला होता, रिकामा. रेणुका वेणी घालत होती. मला भांडण करता येत नाही, घोषणा देता येत नाहीत, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहता येत नाही. मला जे करता येत होतं ते मी केलं. टब उपडा केला आणि त्याच्यावर बसले.

नंजप्पा माप भरून आला आणि थांबला. "काय अक्का, टबाला ताप आलाय का? उलटा निजवलाय."

"दुपारी द्या, अण्णा."

"दुपारी देऊन संध्याकाळी दुकानात काय ठेवू? माझं डोकं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा."

"सोगडु उतरतो! वासाचा धंदा आहे माझा."

शेजारी धप्प आवाज आला. मुनियम्माने तिचा टब उपडा केला होता आणि तिच्या बेताच्या नसलेल्या देहाने त्यावर बसली होती. टब कुरकुरला. "हा फुटला तर नवा तू द्यायचा, नंजप्पा," ती म्हणाली. सेल्वीची शाळा तर गेलीच होती. तिला यातून मिळण्यासारखं काही नव्हतं. तरी ती बसली होती, पाय पसरून, पान चघळत. पलीकडे आणखी एक टब उपडा झाला, मग आणखी एक. सगळे नाही झाले. काही घरांनी त्या दिवशीही दाणे घेतले आणि त्यांना मी दोष देत नाही.

"नाला ओलांडला की बायकाच बायका आहेत," नंजप्पा म्हणाला आणि ऑटो वळवून गेला.

तो खोटं बोलत नव्हता. नाल्यापलीकडच्या गल्लीत त्याने पिंपं रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अख्ख्या गल्लीला काम आलं नाही. रोज सकाळी मी टबावर बसायची, ऑटो पुढून निघून जायची, मग मी भांड्यांच्या कामाला जायची. नळावर बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीने तर तोंडावर म्हटलं, "तुझी पोरगी परीक्षा देणार, आणि आमच्या पोरांनी काय टब खायचा?" तिचं खरं होतं. पण माझंही खरं होतं, आणि दोन खऱ्या गोष्टींमध्ये कुणी कुणाला मारायचं ते आम्ही बायकांनी ठरवायचं, असं कुणी ठरवलं होतं? तो राग मी आत पाळला. रेणुका रोज शाळेत गेली. एवढं एकच मी पाहत होते, घंटा झाली की तिची पाठ आणि पाठीवरचं दप्तर.

मुनियम्मा नाला ओलांडून गेली. तिथे फातिमाबी म्हणून एक होती, त्या गल्लीत तिच्या शब्दाला वजन. दोघींचं काय बोलणं झालं ते मुनियम्माने मला पूर्ण कधीच सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की फातिमाबीच्याही नातीला दाराजवळ बसवलं होतं. तिची शाळा वेगळी होती. दार सगळीकडे एकच दिसतं.

संक्रांतीच्या थोडे दिवस आधी, भर उन्हात, गल्लीत लगेज ऑटोचा आवाज आला. आम्ही कामावरून येऊन नुकत्या टेकलो होतो. नंजप्पाने इंजिन बंद केलं, मफलर सोडला आणि घाम पुसला. सणाची मागणी, आणि नाल्यापलीकडेही टब उपडे. तो माप भरून माझ्या दारात आला. मी टब उलटा ठेवून त्यावरच बसले होते. उठायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

"उठा की अक्का," तो म्हणाला. "आता काय तुमच्या डोक्यावर ओतू?"

अख्खी गल्ली खो खो हसली. मी उठले, टब सुलटा केला. दाणे धडधडत पडले.

"फक्त सणापुरतं," नंजप्पा म्हणाला.

"सरी," मुनियम्मा म्हणाली. "सण झाल्यावर पुन्हा बोलू."

सण झाला. त्यानंतरच्या सकाळी त्याची ऑटो पुन्हा घंटेच्या वेळी आली. गल्लीत सगळ्या दारांपुढे टब उपडे होते. ज्यांनी आधी घेतले होते त्यांचेही. त्यावर कुणी बसलेलंही नव्हतं, तशी गरज नव्हती. त्याने एक शिवी दिली, मग स्वतःच हसला आणि दुपारी आला. वासाचं काय झालं? काही झालं नाही. लोकांनी दुसऱ्या दिवशीची अवरे तितक्याच आवडीने खाल्ली.

शाळेतून आल्यावर मुली आमच्याबरोबर हात लावायच्याच, ते मी लपवत नाही. घरात टब असताना मूल नुसतं बसून राहत नाही. त्यामुळे बोटांचा वास काही गेला नाही. पण रेणुकाने चिंच आणि राख सोडली. एक दिवस तिने दाराजवळचं दप्तर उचललं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मिसनी विचारलं तर म्हणाली, "दारातून फळ्यावर उजेड पडतो मिस, अक्षरं दिसत नाहीत." मिस "बस" म्हणाल्या. ही मुलगी माझ्यावर गेली नाही. देवाची कृपा.

हजेरी भरली. परीक्षेसाठी तिचं नाव पाठवलं गेलं. मार्च-एप्रिलात करंज फुलला, शाळेच्या आवारात फिकट फुलांचा सडा पडला आणि त्या सड्यावरून रेणुका परीक्षेला गेली. त्या महिन्याचं धान्यही मिळालं. पिशवी घेऊन मी रांगेत उभी राहिले, कुणाच्या मागे न सरता.

सेल्वी नाही गेली. तिला परत घ्यावं म्हणून आम्ही दोघी हेडमिसकडे गेलो होतो. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी ती गार्मेंटच्या कारखान्यात होती, शर्टांचे धागे कापत. आजही तिथेच आहे. रस्त्यात भेटली की "मावशी" म्हणून हाक मारते आणि रेणुकाचा अभ्यास विचारते. आमच्या विजयाची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी सेल्वीचं नाव मध्ये घालते. ते नाव गाळून ही गोष्ट सांगायची नाही, असा माझा नियम आहे.

आता रेडिओवर गरिबी हटवण्याबद्दल बोलतात तेव्हा मी भांडी घासता घासता ऐकते. योजना चांगल्या असतात. त्यांत आम्ही असतो, आमचा आकडा असतो. पण आमची सकाळ नसते. कुठल्या वेळेला कुणाचा हात कशात बुडालेला असतो, ते नसतं. आणि मग हजेरी कमी पडली की आम्हांला जागृती नाही असं ठरतं. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. राग येतो, आणि राग बरा. वाईट वाटलं की माणूस दारामागे जातं. राग आला की निदान टबावर बसतं.

नंजप्पा गेल्या वर्षी गावी गेला. यंदा त्याच्या जागी दुसरा आला आहे, तरुण, त्याला गल्लीची रीत माहीत नाही. आणि गल्लीतही एक नवं कुटुंब आलं आहे, रायचूरकडचं. बाई दबकत बोलते. मला ती पाहिली की माझीच आठवण येते. तिला एक मुलगी आहे, दोन वेण्या, शाळेत नुकतंच नाव घातलेलं.

आज सकाळी ऑटो घंटेच्या वेळी वळणावर आली. गल्लीभर टब उपडे होते, रात्रीच्या दवाने ओले. एकच टब सुलटा होता, त्या नव्या बाईचा. पोरगी बाह्या वर करून त्याच्यापुढे बसलेली, ऑटोची वाट बघत. रेणुका आत बसून दहावीचा अभ्यास करत होती. तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मुनियम्माचे हल्ली गुडघे दुखतात, तिनेही बसल्याजागी माझ्याकडे पाहिलं.

मी गेले. रिकामा टब उचलून उपडा केला.

"अक्का, काम जाईल," ती बाई घाबरून म्हणाली.

"जाणार नाही. दुपारी येईल," मी म्हटलं. बरंच मोठ्याने, ऑटोवाल्याला ऐकू जाईल असं. माझी कानडी अजून मोडकीच आहे. आवाज मात्र आता हळू नाही.

पोरगी उठली नाही. तिने आपली बोटं नाकाशी नेली. काल दाणे सोललेली होती ती, टोकं अजून पांढरी. "शाळेत म्हणतात, हाताला वास येतो."

घंटा झाली. मी तिचं दप्तर तिच्या खांद्यावर अडकवलं.

"येऊ दे," मी म्हटलं. "पुढच्या बाकावर बस, म्हणजे सगळ्यांना नीट येईल."